स्वाराची मान आणि पाठ

शर्यतीच्या धाटणीच्या मोटारसायकलीचें हँडल सखल असतें व पाय ठेवण्याची जागा मागें. म्हणून स्वार पुढें ओणवतो. वेगांत वारा छातीस आधार देतो. शहराच्या गर्दींत तो मिळत नाहीं. मग धडाचा भार मनगटांवर येतो, आणि सुमारें ५ किलोंचें डोकें हेल्मेटसह वर उचलून धरतांना मान अवघडते.

यास उपाय एकच : भार हातांवरून काढावा. गुडघ्यांनीं पेट्रोलची टाकी घट्ट धरावी, पोट किंचित् आवळावें, खांदे सैल सोडावे. चालतांना कोपरें सहज हालवतां आलीं, म्हणजे भार योग्य जागीं आहे असें समजावें. तासाभरानें उतरून पाठ मोकळी करावी.

मात्र हातांस वारंवार मुंग्या येऊं लागल्या किंवा पकड ढिली पडली, तर तो निव्वळ थकवा मानूं नये. डॉक्टरांस अवश्य दाखवावें.