खासगी बसभाडे आणि विद्यार्थी प्रवासी
तळवडे, निगडी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात मराठवाडा व विदर्भातून शिक्षणासाठी आलेले अनेक विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात. दिवाळीच्या सुटीत एस.टी.चे आरक्षण पूर्ण झाले, की त्यांना खासगी बसवर अवलंबून राहावे लागते. अवाजवी भाडे, ऐनवेळी रद्द होणारी फेरी आणि परत न मिळणारे पैसे ही वादाची नेहमीची कारणे होत.

२७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसचे भाडे त्याच प्रकारच्या एस.टी. बसच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक असता कामा नये. एस.टी.चे भाडे ६०० रुपये असेल, तर कमाल आकारणी ९०० रुपये. जादा आकारणीची तक्रार प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे करता येते.

पैसे परत मिळविण्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे २ वर्षांच्या आत दाद मागता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. म्हणजेच बस नागपूरच्या मालकाची असली, तरी तळवड्याच्या विद्यार्थ्याला पुण्यातच न्याय मागता येतो. मात्र त्यासाठी तिकीट व पैसे भरल्याची नोंद जपून ठेवणे अगत्याचे आहे.