कानाची चाळण: सँ-क्लू आणि झाग्रेब येथील ध्वनिशिक्षणाचा प्रयोग

परकी भाषा शिकवण्याचे प्रमुख साधन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुस्तक हेच होते, आणि छापलेल्या मजकुराचे मोठ्याने केलेले वाचन यापलीकडे आवाजाला बहुतेक वर्गांत फारसे स्थान नव्हते. हा क्रम उलटा करून ऐकण्यालाच भाषाशिक्षणाचा पाया मानणारा एक मोठा प्रयोग १९५०च्या दशकात दोन ठिकाणी आकाराला आला. त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे पॅरिसच्या पश्चिमेस सेन नदीकाठी वसलेल्या सँ-क्लू येथील 'एकोल नॉर्माल स्युपेरिअर' हे महाविद्यालय, जे १८८२ मध्ये प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयांना अध्यापक पुरवण्यासाठी स्थापन झाले होते. आणि दुसरे, तत्कालीन युगोस्लाव्हियातील झाग्रेब विद्यापीठ. या दोन गावांच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या पद्धतीमागे शब्द मोजणारे भाषाशास्त्रज्ञ होते, वर्गात उभे राहणारे शिक्षक होते आणि कर्णबधिर मुलांना बोलते करू पाहणारा एक ध्वनिवैज्ञानिकही होता.

सँ-क्लू येथील कामाची सुरुवात १९५१ मध्ये झाली. परदेशी विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवताना आधी कोणते शब्द द्यावेत, हा त्या कामामागचा प्रश्न होता. शब्दांच्या आवृत्तिसंख्येच्या, म्हणजे कोणता शब्द किती वेळा येतो याच्या, याद्या त्यापूर्वीही तयार झाल्या होत्या. परंतु त्या प्रामुख्याने छापील ग्रंथांवरून केलेल्या असल्यामुळे त्यांत लेखकांची भाषा उतरली होती, बाजारात किंवा जेवणाच्या टेबलावर बोलणाऱ्या माणसांची नव्हे. जॉर्ज गुगेनएम (१९००–१९७२) यांच्या नेतृत्वाखाली पॉल रिवँक, रने मिशेआ आणि ओरेलियँ सोव्हाजो यांनी त्या काळी नवीन असलेला टेपरेकॉर्डर हाताशी घेतला आणि साध्या माणसांची संभाषणे मुद्रित करून त्यांतील प्रत्येक शब्द मोजला. १६३ ध्वनिमुद्रणे, २७५ वक्ते, ३,१२,१३५ शब्द आणि त्यांतून निघालेले ७,९९५ वेगवेगळे शब्द, असा त्या सामग्रीचा आवाका होता. आणि ही सारी मोजदाद संगणकाच्या मदतीशिवाय झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या परिश्रमांचे मोल कळते.

या मोजणीतूनच एक अनपेक्षित अडचण पुढे आली. जेवणाच्या काट्यासारख्या वस्तूंची नावे प्रत्येक फ्रेंच माणसाच्या जिभेवर असूनही संभाषणांत ती क्वचितच आली होती, कारण समोर असलेल्या वस्तूचे नाव घेण्याची गरज माणसाला सहसा पडत नाही. मिशेआ यांनी अशा शब्दांसाठी 'उपलब्धता' ही संकल्पना मांडली: जो शब्द वारंवार उच्चारला जात नाही, परंतु विषय निघताच मनात हजर होतो, तो उपलब्ध शब्द होय. असे शब्द मिळवण्यासाठी शाळकरी मुलांकडून घर, कपडे, अन्न, शरीराचे अवयव अशा १६ विषयांवर शब्द लिहून घेण्यात आले. आवृत्तिसंख्या आणि उपलब्धता यांच्या मेळातून सिद्ध झालेली पहिल्या पायरीची यादी सुमारे दीड हजार शब्दांची होती. तिला आधी 'प्राथमिक फ्रेंच' असे नाव होते. भाषेला दरिद्री करण्याचा हा घाट आहे, अशी कडक टीका मार्सेल कोएन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांकडून झाली आणि पुढे 'मूलभूत फ्रेंच' हे नाव रूढ झाले. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. तरीही बोलण्याला लेखनाच्या बरोबरीने अभ्यासविषय मानण्याचे श्रेय या मंडळींना द्यावेच लागते.

शब्द कोणते, याचे उत्तर सँ-क्लूने दिले. ते कसे ऐकू येतात, हा प्रश्न झाग्रेबहून आला. तो मांडणारे ध्वनिवैज्ञानिक पेतार गुबेरिना (१९१३–२००५) यांचा जन्म दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील शिबेनिक येथे झाला आणि उच्च शिक्षण पॅरिसला. तेथे मार्टिनिक बेटावरून आलेला कवी एमे सेझेर हा त्यांचा स्नेही झाला. १९३५च्या उन्हाळ्यात सेझेर त्यांच्या गावी पाहुणा म्हणून गेला, समोर दिसणाऱ्या भूभागाचे 'मार्तिन्स्का' हे नाव ऐकून त्याला आपले बेट आठवले, आणि मायभूमीकडे परतण्याविषयीच्या त्याच्या दीर्घकाव्याचा आरंभ तेथे झाला. एका नावाच्या नादाने हजारो मैलांवरचे घर जागे व्हावे, ही घटना गुबेरिना यांच्या पुढील कार्याशी मनोमन जोडावीशी वाटते. बोललेल्या वाक्याचा अर्थ केवळ शब्दांत नसतो, तर सूर, लय, विराम, आवाजाची उंची आणि देहाचा ताण यांतही असतो, हे त्यांच्या विचाराचे मूळ सूत्र होते.

परका ध्वनी चुकीचा उच्चारला जातो तो जिभेच्या दोषामुळे नव्हे, तर तो चुकीचा ऐकला जातो म्हणून, हे गुबेरिना यांचे प्रतिपादन होय. रशियन विचारवंत निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांनी मातृभाषेला चाळणीची उपमा दिली होती: लहानपणी घडलेली ही चाळण आपल्या भाषेला आवश्यक तेवढेच भेद वेगळे करते आणि बाकीचे एकत्र मिसळून टाकते. 'तो जात आहे' यातील 'ज' आणि 'जातपात' यातील 'ज' लिहिताना एकच असले, तरी मराठी कान ते निमिषात वेगळे ओळखतो. मराठी नव्याने शिकणाऱ्या हिंदी भाषकाला मात्र तो भेद दाखवून द्यावा लागतो. संगीतात 'कान तयार होणे' असे जे म्हटले जाते, तेच येथे भाषेच्या बाबतीत अभिप्रेत आहे.

हा सिद्धान्त गुबेरिना यांनी यंत्राच्या साहाय्याने पडताळला. प्रत्येक ध्वनी अनेक वारंवारतांचा, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या वेगवेगळ्या संख्यांचा, मिळून बनलेला असतो; त्यांपैकी एक पट्टा असा असतो की तेवढाच ऐकवला तरी ध्वनीची ओळख पटते. 'ई' या स्वरासाठी तो पट्टा ३,२०० ते ६,४०० हर्ट्झ आहे. तोच उच्चारलेला 'ई' फिल्टरमधून गाळून केवळ ८०० ते १,६०० हर्ट्झच्या पट्ट्यात ऐकवला, तर 'आ'चा भास होतो आणि २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात 'ऊ'चा. या तत्त्वावर उभारलेल्या उपकरणांना 'सुवाग' हे नाव मिळाले. ज्या मुलांना उंच वारंवारता ऐकू येत नाहीत, त्यांच्या शिल्लक श्रवणशक्तीचा, बहुधा खालच्या पट्ट्यांचा, उपयोग करून आणि कंपने त्वचेला जाणवू देऊन त्यांना वाणी शिकवण्याचे काम या उपकरणांनी केले. निरोगी कानाचा भाषाविद्यार्थीसुद्धा परक्या ध्वनींपुरता बहिराच असतो, म्हणून तीच उपकरणे वर्गातही आली.

दोन्ही केंद्रांच्या सहकार्यातून १९६०च्या दशकाच्या आरंभी 'व्ह्वा ए इमाज द फ्रान्स', म्हणजे 'फ्रान्सचे आवाज आणि चित्रे', हा अभ्यासक्रम प्रकाशित झाला. अंधाऱ्या खोलीत फिल्मस्ट्रिपवरील चित्र पडद्यावर दिसे आणि त्याच वेळी टेपवरून संवादाचे एक वाक्य ऐकू येई. विद्यार्थी आधी ऐकत, मग अर्थ उलगडत, मग म्हणत, आणि शेवटी तो संवाद स्वतःच्या परिस्थितीला लावून पाहत. लेखन बरेच पुढे ढकललेले असे, कारण अक्षर दिसताच मातृभाषेचा उच्चार आड येतो.

उच्चारशुद्धीचे तंत्र हा या पद्धतीचा सर्वांत सुंदर भाग आहे. फिल्टरने वाक्यातील ३२० हर्ट्झवरचा भाग काढून टाकला की शब्द पुसले जातात आणि केवळ सूर व लय उरतात. विद्यार्थी ती चाल आधी आत्मसात करतो आणि शब्द तिच्यावर नंतर बसवले जातात. फ्रेंचमधील 'ओठ गोल करून म्हटलेला ई' मराठी कानाला बहुधा 'यू' किंवा 'ऊ' असा मंद वाटतो. अशा वेळी जिभेची आकृती काढून दाखवण्याऐवजी शिक्षक तो स्वर 'स' किंवा 'त' यांसारख्या उजळ व्यंजनाशेजारी, वाक्याच्या चढत्या सुराच्या शिखरावर ठेवतो, जेणेकरून त्यातील उंच वारंवारता कानात भरते. झाग्रेबला याच्या जोडीला तालबद्ध बडबडगीते आणि ध्वनीच्या ताणाशी जुळणाऱ्या अंगहालचाली होत्या. येथे विज्ञान आणि कला यांची सीमा पुसली जाते, आणि बडबडगीतांवर वाढलेल्या कोणालाही त्यात परकेपणा वाटणार नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही ठळक होत्या. चित्र वस्तू दाखवू शकते, पण 'कदाचित' किंवा 'तरीसुद्धा' दाखवू शकत नाही. मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवण्याचा आग्रह प्रौढ विद्यार्थ्याला अकारण असहाय करतो. आणि टेपच्या गतीला बांधलेला शिक्षक स्वतःच यंत्राचा भाग होऊन बसतो. १९७०च्या दशकापासून संवादकेंद्री पद्धतींनी तिची जागा घेतली ते स्वाभाविकच होते. त्या ओघात कानाच्या शिक्षणाकडेही दुर्लक्ष झाले, ही मात्र खरी हानी होय. बेल्जियममधील मॉन्स येथे रेमों रनार यांनी उच्चारशुद्धीचा धागा जिवंत ठेवला.

हे काम चालवणारे सँ-क्लू येथील संशोधनकेंद्र १९९६ मध्ये बंद झाले आणि महाविद्यालयही कालांतराने लिऑनला हलले. झाग्रेबमधील 'सुवाग' हे श्रवण-वाणी चिकित्सालय, जे १९६१ मध्ये सुरू झाले, आजही चालू आहे. तेथे ऐकू न येणारी मुले शब्दांच्या आधी ताल शिकतात, आणि तो ताल त्यांच्यापर्यंत तळहाताला जाणवणाऱ्या कंपनांतून पोचवला जातो.