जुन्या हत्यारांचा रंग काय सांगतो?

माळशेज घाटातून वर येणारा पाऊस ओतूरकडे सरकताना ओसरत जातो. मात्र वाटेवरच्या डिंगोरे परिसरात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. अशा हवेत तेलाचा हात न फिरवलेल्या पटाशीवर किंवा रंध्याच्या पात्यावर एका पावसाळ्यात तांबूस थर चढतो. लोखंडी नांगर आणि ट्रॅक्टर आले, तसे नांगर, कुळव, पाभर घडविणाऱ्या गावोगावच्या सुतारांचे काम घटले. त्यांची हत्यारे माळ्यावर गेली आणि तेथून किलोच्या भावाने भंगारात.

यांतील काही हत्यारे शहरांच्या जुन्या बाजारांत पोहोचतात. लाकूडकामाची आवड असणारे ग्राहक ती हौसेने विकत घेतात आणि घरी नेताच ग्राइंडरवर धरून चकचकीत करतात. नेमका येथेच घात होतो. कित्येक वर्षांच्या गंजाने होत नाही एवढे नुकसान पाच मिनिटांच्या ग्राइंडिंगने होऊ शकते. म्हणून रंग काढण्यापूर्वी तो ओळखणे आवश्यक ठरते.

तांबडा आणि काळा

लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांपलीकडे गेली की ही क्रिया वेग घेते. घामातील मीठ तिला आणखी हातभार लावते. तांबडा गंज सच्छिद्र असतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे त्याचे पोपडे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणूनच तो थांबत नाही, आत आत खात जातो.

जुन्या हत्यारावरचा गुळगुळीत, करडा-काळा थर मात्र वेगळा. तो घट्ट बसलेला असतो आणि खालच्या धातूला काही प्रमाणात संरक्षण देतो. लोखंडावरचा प्रत्येक थर शत्रू नसतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दिल्लीचा लोहस्तंभ. त्यातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला आणि सुमारे सोळाशे वर्षे तो उघड्यावर टिकून आहे. तेव्हा तांबडे काढावे आणि काळे राहू द्यावे, हा साधा नियम.

निळसर डाग दोन प्रकारचे

बाभळीच्या लाकडात टॅनिन भरपूर असते. बैलगाडी आणि शेतीच्या अवजारांसाठी हेच लाकूड वापरले जाई. ओल्या बाभळीवर चाललेल्या पात्यावर लोखंड व टॅनिन यांच्या संयोगाने निळे-काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई होते, तीच ही रासायनिक क्रिया. हे डाग निरुपद्रवी असतात.

दुसरा निळा रंग धोक्याचा. पटाशीच्या पोलादाला पाणी दिल्यानंतर ते ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा बेताने तापवतात. २२० ते २३० अंश सेल्सिअसला त्यावर गवतासारखा फिका पिवळा रंग येतो, तर ३०० अंशांच्या आसपास निळा. धारेजवळ असा निळा पट्टा दिसला, तर पाते कधीतरी ग्राइंडरवर तापले आणि तेथील पोलाद नरम पडले, असे समजावे. घासून रंग जातो, नरमपणा जात नाही. धारेवर कानस हलकेच फिरवून पाहावी. ती घसरली तर पोलाद कठीण आहे, सहज चावली तर नरम. नरम भाग पाते वारंवार पाण्यात बुडवत, थंड ठेवून घासून काढावा लागतो किंवा लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावे लागते.

अनेक जुन्या पात्यांत सगळे पोलाद नसते. मऊ लोखंडावर पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते आणि धार तिच्यावरच टिकते. ती पट्टी घासून संपली की हत्यार संपले.

खरेदी करताना

गंज कोठे आहे, हे किती आहे यापेक्षा महत्त्वाचे. रंध्याच्या बाजूवर किंवा पटाशीच्या दांड्याजवळ पडलेले बारीक खड्डे कामात अडथळा आणत नाहीत. पात्याच्या सपाट पाठीवर, धारेलगत खोल खड्डे असतील तर मात्र धार तेथे तुटत राहते. असे पाते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. करवतीच्या पानावर बनावटीची खूण कोरलेली असू शकते. ती यंत्राने घासल्यास कायमची पुसली जाते.

साफ करताना

हलका गंज रॉकेल किंवा मशीन ऑइल लावून, बारीक पॉलिश पेपरने हाताने निघतो. जाड गंजासाठी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाते काही तास ठेवावे, दिवसेंदिवस नव्हे. आम्ल गंजाबरोबर चांगले लोखंडही खाते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे आणि तेल लावावे. येथे दिरंगाई झाली तर काही मिनिटांतच नवा तांबूस थर दिसू लागतो.

धार सोडून इतर भागांवरच्या खड्ड्यांतला उरलेला गंज टॅनिनने शांत करता येतो. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबे गोळा करतात तो हिरडा टॅनिनने समृद्ध आहे. हिरड्याची पूड पाण्यात उकळून, गाळून तो अर्क लावल्यास तांबडा गंज काळ्या, स्थिर संयुगात बदलतो. वस्तुसंग्रहालयांतील लोखंडी वस्तूंच्या जतनातही टॅनिक आम्ल वापरले जाते. धारेवर व रंध्याच्या तळाला मात्र हा अर्क लावू नये. फिकट लाकडावर काळे डाग उमटतात.

त्यानंतर काळजी थोडीच उरते. काम झाले की पाते कोरड्या फडक्याने पुसावे, तेलाचा पातळ हात फिरवावा आणि पावसाळ्यात हत्यारे ओल्या भिंतीपासून दूर ठेवावीत. अशा पटाशीला आरशासारखी चकाकी येणार नाही, पण पोलादाची पट्टी शाबूत राहील आणि ती आणखी कित्येक वर्षे लाकूड कापेल.