तीन काचांवरच्या देवता

ग्रीक पुराणातल्या मेड्युसाला केसांच्या जागी साप होते आणि तिच्या नजरेला नजर देईल त्याचा दगड होत असे. १९३५ साली लंडनच्या बर्कली स्क्वेअरमधल्या एका स्टुडिओत ही मेड्युसा साकारायची होती. कॅमेऱ्यासमोर होत्या मिसेस एडवर्ड मेयर, लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळातल्या एक देखण्या बाई. साप रबरी होते. बाईंचे ओठ मळकट जांभळे रंगवले, चेहरा पांढराफटक केला, एका दिव्यावर हिरवा आणि दुसऱ्यावर गडद निळा फिल्टर चढवला. गालांवर लाली आणण्याची जिथे रीत, तिथे असलेली लालीही पुसून टाकणाऱ्या या छायाचित्रकार म्हणजे मॅडम येवोंड. कल्पनेवर बेतलेलं सौंदर्यचित्र स्टुडिओत कसं घडतं, हे शिकायला त्यांची ‘गॉडेसेस’ ही मालिका आजही उत्तम पाठ आहे.

येवोंड यांचा जन्म १८९३चा, लंडनच्या स्ट्रेटहॅम भागातला. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या तरुणपणीच ओढल्या गेल्या. कुणावर अवलंबून राहायला नको, असा पेशा त्यांना हवा होता. त्यांनी छायाचित्रण निवडलं, लॅली चार्ल्स या नामवंत छायाचित्रकार बाईंकडे उमेदवारी केली आणि १९१४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्वतःचा स्टुडिओ थाटला. बरीच वर्षं त्यांचं काम कृष्णधवल होतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या हाती ‘व्हिव्हेक्स’ आलं.

व्हिव्हेक्स ही रंगीत छायाचित्रांची ब्रिटिश पद्धत. डॉ. डी. ए. स्पेन्सर यांनी ती विकसित केली. प्रिंट निघत लंडनच्या विल्सडेन भागातल्या प्रयोगशाळेत. या पद्धतीत एकाच दृश्याच्या तीन काचेच्या निगेटिव्ह घ्याव्या लागत: एक लाल फिल्टरमधून, दुसरी हिरव्या, तिसरी निळ्या. निगेटिव्ह तिन्ही कृष्णधवलच. रंग यायचा तो छपाईत. लाल फिल्टरच्या निगेटिव्हची छाप सायन रंगात काढत, हिरव्याची मॅजेंटात, निळ्याची पिवळ्यात. हे थर सेलोफेनवर तयार करून कुशल हात ते एकावर एक बसवत. वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीत छपाई सरकली की हिरोला जसे चार ओठ येतात, तसं इथे होऊन चालत नसे.

येवोंड वापरत त्या व्हिव्हेक्सच्या वन-शॉट कॅमेऱ्यात तिन्ही काचा एकाच वेळी प्रकाशित होत. पण त्यासाठी भिंगातून आलेला प्रकाश आत तीन वाटांनी फोडावा लागे, आणि प्रत्येक वाटेवरचा फिल्टर त्यातला आणखी बराच गिळून टाकी. म्हणजे दिवे भक्कम हवेत आणि समोरच्या व्यक्तीने हलता कामा नये. शिवाय चित्र कसं आलं ते तिथल्या तिथे कळण्याची सोय नाही. प्रिंट हाती येईपर्यंत मॉडेल घरी गेलेली असे. त्यामुळे ‘आधी काढू, मग बघू’ हा मार्गच बंद होता. मेकअपची छटा, पडद्याचा रंग, दिव्यावरचा फिल्टर, हातातली वस्तू हे सगळं शटर दाबण्याआधी पक्कं करावं लागे. यंत्राच्या या अडचणीचं येवोंड यांनी शिस्तीत रूपांतर केलं.

त्या काळी रंगीत छायाचित्र म्हणजे काहीतरी भडक, जाहिरातीपुरतं, असं मानणारे पुष्कळ होते. रंग वापरलाच तर निसर्गाशी इमान राखून वापरावा, अशी अपेक्षा होती. येवोंड यांना नक्कल करण्यात रस नव्हता. १९३२ मध्ये अभिनेत्री जोन मॉडचं चित्र काढताना त्यांनी तांबड्या केसांच्या मॉडेलमागे लालच पार्श्वभूमी लावली. त्याच वर्षी लंडनच्या ऑल्बनी गॅलरीत त्यांनी रंगीत चित्रांचं प्रदर्शनही भरवलं.

‘गॉडेसेस’चं निमित्त होतं मार्च १९३५ मधला एक मदतनिधी समारंभ. क्लॅरिजेस हॉटेलातल्या या मेजवानीला पाहुणे ग्रीक-रोमन देवदेवतांच्या वेशात आले होते. येवोंड यांनी ती कल्पना उचलली, पण पार्टीतले पोशाख जसेच्या तसे टिपले नाहीत. कोणत्या चेहऱ्यात कोणती देवता दडली आहे, याचा त्यांनी स्वतंत्र विचार केला. चित्रपट निर्माते मायकेल बाल्कन यांच्या पत्नी एलीन झाल्या मिनर्व्हा: डोक्यावर शिरस्त्राण, जवळ पेंढा भरलेलं घुबड आणि हातात चक्क पिस्तूल. लेडी मिलबँक झाल्या अ‍ॅमेझॉनांची राणी पेंथेसिलिया, गळ्यात रुतलेल्या बाणासह. मुलांच्या मृत्यूने रडणाऱ्या नायोबीसाठी पोशाख नाही, प्रॉप नाही. चौकट भरून फक्त चेहरा आणि ग्लिसरीनचे अश्रू.

मिनर्व्हाचं पिस्तूल आणि नायोबीची उघडी चौकट यांतून या कलेचं मर्म कळतं. बुद्धीची आणि युद्धाची देवता भाला घेऊन उभी केली असती, तर ते फॅन्सी ड्रेसचं चित्र झालं असतं. पिस्तुलामुळे ती १९३५ची झाली, आणि चित्रात थोडा खट्याळपणाही आला. नायोबीच्या बाबतीत दुःख हीच कल्पना, म्हणून दुःखाखेरीज बाकी सगळं वगळलं. एकीकडे वस्तू वाढवली, दुसरीकडे वस्तू काढली. दोन्ही निर्णय कल्पनेने घेतले. आज अनेक स्टुडिओंत उलटं चालतं. आधी रंगीत जेल, फुलं, चकाकी आणि खडे गोळा होतात, आणि अर्थ नंतर कॅप्शनमध्ये शोधला जातो. मूड बोर्डवर वीस चित्रं असतात, पण त्यांतून काय सांगायचं ते एका वाक्यात कुणाला सांगता येत नाही.

जुलै १९३५ मध्ये ही मालिका येवोंड यांच्या स्टुडिओतच प्रदर्शित झाली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, व्हिव्हेक्सची प्रयोगशाळा बंद पडली आणि येवोंड पुन्हा कृष्णधवलकडे वळल्या. १९७५ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर रंग सर्वांच्या हाती आले होते. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २०२१ मध्ये त्यांच्या रंगीत निगेटिव्हचा संग्रह मिळवला आणि दीर्घ नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये दारं उघडली, तेव्हा येवोंड यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं.

असं पोर्ट्रेट तुम्हाला करून पाहायचं असेल, तर महागडा बॅकड्रॉप लागत नाही. चित्रातून काय सांगायचं ते आधी एका वाक्यात लिहा. मग रंग दोन किंवा तीनच निवडा, आणि ते वाक्य पुढे नेणार नाही अशी प्रत्येक वस्तू सेटवरून उचला. मेकअप करणाऱ्यालाही ते वाक्य वाचून दाखवा, आणि मॉडेललाही. चेहऱ्यावर काय आणायचं हे तिला ठाऊक नसेल, तर दिवे कितीही नेमके लावले तरी चित्र उभं राहणार नाही. वाक्य सुचलं नाही, तर त्या दिवशी शूट रद्द केलेलं बरं.