दर्शन झालं की पुन्हा एक फेरी

औंढा नागनाथला येणारा भाविक रांगेत उभा राहतो, मंडपातून गाभाऱ्याकडे सरकतो, अरुंद वाटेने अंग चोरून खाली उतरतो आणि पिंडीवर माथा टेकतो. वर आला की प्रसाद घेतो, चपला शोधतो आणि एसटी स्टँडची वाट धरतो. ज्या देवळात तो जाऊन आला, त्याची बाहेरची भिंत मात्र त्याने पाहिलेली नसते. आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं शिल्पदालन ही भिंतच आहे. तिला तिकीट नाही, ती पाहायला वाटाड्याही लागत नाही. तासभर वेळ आणि थोडी नजर एवढंच पुरतं.

जुन्या विद्यापीठांच्या गावांत कला अशी पायी पाहायची रीत आहे. हातात एका पानाचा नकाशा घ्यायचा आणि आपल्या चालीने फिरायचं. इटलीत बोलोन्याला जुन्या विद्यापीठाच्या भिंती आणि छतं विद्यार्थ्यांच्या हजारो रंगीत कुलचिन्हांनी भरलेली आहेत. लोक माना वर करून ती पाहत फिरतात. आपल्याकडे मुंबईत, फोर्टातल्या विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर आहे. १८७८ साली पुरा झालेल्या या मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या माणसांचे चोवीस पुतळे आहेत. हिंगोलीत विद्यापीठ नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा, आणि इथली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली. पण पायी फिरून पाहावी अशी कला इथे आहे, आणि ती त्या मनोऱ्याहून सहाशे वर्षांनी जुनी आहे.

हिंगोलीहून औंढा पंचविसेक किलोमीटर. नांदेडकडून येणाऱ्यांना वसमतवरून यावं लागतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी या रस्त्याने हळद शिजवल्याचा वास येत राहतो. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि त्यानंतरचा रथोत्सव हे देवाचे दिवस, ते देवालाच द्यावेत. शिल्पं पाहायला साधा आठवड्याचा दिवस बरा, तोही हिवाळ्यातला. त्याचं कारण उन्हात आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सकाळी आणि उतरत्या दुपारी त्याचे किरण दक्षिणेच्या भिंतीला तिरके घासून जातात. प्रत्येक उठावाची सावली शेजारी पडते आणि काळ्या दगडातली बोटं, दागिने, वस्त्राच्या चुण्या वेगवेगळ्या दिसू लागतात. समोरून भगभगीत ऊन असलं की तीच मूर्ती सपाट वाटते. उत्तरेच्या भिंतीवर या दिवसांत ऊन येतच नाही, तिथे दिवसभर मऊ उजेड असतो. बारीक कोरीवकामासाठी तोही चांगला. त्यामुळे सकाळ दक्षिणेला द्यावी आणि उत्तरेची भिंत मागून पाहावी.

आधी दर्शन उरकून घ्या, म्हणजे मन रांगेत अडकत नाही. मग तटाच्या आतल्या अंगणात शक्य तितकं मागे सरकून अख्खं देऊळ एका नजरेत घ्या. ते दोन काळांत बांधलेलं आहे हे लगेच कळतं. खाली काळा घडीव दगड, सारा कोरलेला. हा भाग तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या काळातला. वर विटा-चुन्याचं उजळ शिखर, ते नंतरच्या जीर्णोद्धारातलं. मूळ शिखर पाडलं गेलं आणि अहिल्याबाई होळकरांनी देऊळ पुन्हा उभं केलं, असं परंपरा सांगते. काळा दगड संपून चुना सुरू होतो त्या रेषेवर थोडा वेळ नजर ठेवा. मोडल्यावर पुन्हा बांधणाऱ्यांनी खालच्या कामाची नक्कल केली नाही. आपल्या काळात जे येत होतं त्याने त्यांनी देवावर छप्पर घातलं. मला ही रेषा देवळाइतकीच मोलाची वाटते. तिला रंग लावून एकसारखी करण्याचा मोह कुणालाही न होवो.

आता जवळ या आणि खाली वाका. बहुतेक जण इथेच चुकतात. ते देवाच्या उंचीवर बघत जातात आणि गुडघ्याच्या उंचीवरचं सगळं सुटतं. देवळाचं जोतं आडव्या थरांनी रचलेलं असतं. हत्तींची रांग असते तो गजथर, माणसांची असते तो नरथर. औंढ्याच्या थरांत सैनिक आहेत, घोडेस्वार आहेत, हत्ती आहेत. कारागिराला देवांच्या मूर्तीत मोकळीक कमी, तिथे हात किती, आयुधं कोणती, सगळं ठरलेलं. थरात तसं नाही, त्यामुळे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं जग इथे उतरतं. खोगीर कसं कसत, ढाल कशी धरत, केस कसे बांधत, धोतराचा काचा कसा मारत, हे यादवकाळाबद्दल पोथीत शोधावं लागतं. थरात ते समोर दिसतं. कुठे सोंड तुटली आहे, कुठे चेहरे झिजले आहेत, काही ठिकाणी नंतरच्या दुरुस्तीत नवे दगड बसवलेले आहेत. तरी एका कोपऱ्यावर थांबून एखाद्याच हत्तीचा पाय पाहावा. वजन कोणत्या पायावर आहे ते कळतं. दख्खनचा हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तो छिन्नीला सहजासहजी दाद देत नाही, आणि एक घाव चुकला तर भरून काढता येत नाही.

थरांवरून नजर वर नेली की मुख्य मूर्ती येतात. सगळ्या पाहू नका. चार पाहा, नीट पाहा.

एक आहे कोपऱ्यातली रुसलेली पार्वती. शंकर तिची समजूत काढतो आहे. तांडव करणारा, विष पिणारा देव इथे बायकोपुढे अजिजीला आला आहे, आणि गावात घरोघरी होणारा हा प्रसंग कारागिराने देवळाच्या भिंतीवर मानाने बसवला आहे. दोघांमधली मोकळी जागा बघा. रुसवा त्या जागेत आहे. मूर्ती एकमेकींना चिकटून कोरल्या असत्या तर तो प्रसंग नुसता जोडप्याचा झाला असता.

दुसरं, कैलास उचलणारा रावण. हाच विषय वेरुळच्या सोळाव्या लेण्यात, आठव्या शतकातल्या कैलासात, भव्य आकारात कोरलेला आहे. वेरुळला रावण अंधाऱ्या पोकळीत आहे आणि त्याच्या वीस हातांचा जोर अंगावर येतो. औंढ्यात जागा थोडी, म्हणून कारागिराने गोष्ट आटवली आहे. पाचशे वर्षांत एक कथा डोंगराच्या पोटातून देवळाच्या भिंतीवर कशी आली, हे समजण्यासाठी ही दोन ठिकाणं एकाच वर्षात पाहावीत.

तिसरी मूर्ती अर्धनारीनटेश्वराची. इथे मधोमध एक रेघ मनात ओढा आणि दोन्ही बाजू ताडून बघा. मूर्तीची डावी बाजू स्त्रीची, म्हणजे समोर उभ्या आपल्याला ती उजवीकडे दिसते. खांदा, कंबर, कानातलं, वस्त्र, सगळं बदलतं, आणि तरीही शरीर एकच राहतं. दोन मूर्ती अर्ध्या अर्ध्या कापून जोडल्यासारखं वाटत नाही, यातच हात सिद्ध होतो.

चौथी ओळख विष्णूची. शिवाच्या देवळावर विष्णू आणि त्याचे अवतार का, असा प्रश्न पडेल. यादवांच्या काळात हे वावगं नव्हतं. देवळाची भिंत ही सगळ्या देवांची सभा होती. चार हातांचा विष्णू दिसला की त्याचं नेमकं नाव काढण्याची एक युक्ती आहे, आणि मुलांना ती फार आवडते. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करा, मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा, असे फिरा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आला तर त्रिविक्रम. या चार आयुधांची अदलाबदल करून चोवीस रूपं होतात, आणि ती संध्येतल्या चोवीस नावांचीच आहेत. मूर्तींची अशी लक्षणं ज्या ग्रंथांत एकत्र केली गेली, त्यातला मोठा ग्रंथ म्हणजे यादवांचा मंत्री हेमाद्री याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’. ज्याच्या नावाने आपण दिसेल त्या जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो, तोच हा हेमाद्री. त्यातली कितीतरी देवळं त्याच्या जन्माआधीची आहेत.

शिवमंदिरातल्या प्रदक्षिणेचा नियम इथे फार कामाचा आहे. शंकराला पूर्ण फेरा घालत नाहीत. गाभाऱ्याचं पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडायची नाही, तिथून उलट फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत जाऊन परतायचं. ही सोमसूत्री प्रदक्षिणा. शास्त्राच्या दृष्टीने तिचा अर्थ काहीही असो, पाहणाऱ्याला तिचा फायदा मोठा आहे. प्रत्येक मूर्ती दोनदा भेटते, एकदा डावीकडून येताना आणि एकदा उजवीकडून. भिंत सरळ नाही, ती कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते. जाताना जी मूर्ती कोनाआड लपते ती परतताना समोर येते. जाताना रुसलेली पार्वती दिसली तर येताना शंकर दिसतो. घाई असलेल्यांनी किमान ही एक रीत पाळावी.

मग मागच्या बाजूला थोडं टेका. संत नामदेवांची कथा इथली. देवळापुढे कीर्तन करू दिलं नाही म्हणून ते मागे जाऊन गायला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी पुढे नसून मागे का, याचं कारणही भाविक याच कथेत सांगतात. त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले तेही याच ठिकाणी, पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. म्हणजे हेमाद्री देवगिरीच्या दरबारात होता तेव्हा नामदेव लहान होते, आणि यादवांचं राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत बुडालं. देऊळ फिरल्याचा प्रसंग पंजाबात पोचला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यातल्या एकात हीच कथा येते. पंजाबातल्या घुमानला २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरलं ते याच नात्याने. वेळ असेल तर कयाधूच्या काठी असलेलं त्यांचं गाव, नर्सी नामदेव, त्याच दिवशी होतं.

आवारात बारा ज्योतिर्लिंगांची छोटी देवळं आहेत, ऋणमोचन तीर्थ आहे. ती जाता जाता पाहून होतात. नजर बसली की मग आपला मुलूख मोठा होतो. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, गंगाखेड तालुक्यातल्या धारासूरचं गुप्तेश्वर, देगलूर तालुक्यातलं होट्टल, ही सगळी गावं एका दिवसाच्या अंतरावर. होट्टलच्या आणि धारासूरच्या सुरसुंदरींपुढे तर औंढ्याहून जास्त वेळ लागेल. मराठवाड्याला दुष्काळाचा मुलूख म्हणतात, पण आठशे वर्षांपूर्वी या काळ्या मातीने इतकी शिल्पं पोसली, हे इथल्या मुलांना कळलं पाहिजे.

काही पथ्यं सांगतो. मूर्तीला हात लावू नका, कुंकू-शेंदूर-तेल तर नकोच. तेलावर धूळ बसते, थर घट्ट होतो, आणि तो काढायला घासलं की नाक-डोळे जातात. नाणी फटीत खोचू नका. फोटो काढायचा असेल तर आधी तिथल्या माणसांना विचारा. छोटी दुर्बीण असेल तर सोबत घ्या, आणि एक वही. जी मूर्ती ओळखली नाही तिचं ओबडधोबड चित्र काढा, हातात काय आहे ते लिहा. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर यांचं लेखन नंतर वाचलं की त्या वहीतले प्रश्न सुटायला लागतात.

याच औंढा तालुक्यात दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहते आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये तिच्यासाठी मंजूर केले. उद्या देशोदेशीचे शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी इथे राहायला येतील. सुटीच्या दिवशी ते विचारतील, इथे पाहण्यासारखं काय आहे? त्या दिवशी त्यांच्या हातात द्यायला आपल्याकडे एक पान तरी असावं. देवळाचा आराखडा, त्यावर मूर्तींचे क्रमांक, प्रत्येकीपुढे साध्या मराठीत दोन ओळी. हे काम मोठ्या निधीचं नाही. हिंगोली, वसमत, औंढ्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी एका हिवाळ्यात मनावर घेतलं तर होईल. देवस्थानने ते प्रसादाच्या काउंटरवर ठेवावं. तोवर तुम्ही मात्र थांबू नका. पुढच्या वेळी औंढ्याला गेलात की दर्शनानंतर चपला घालण्याआधी भिंतीकडे वळा आणि पन्हळीपर्यंत एकदा जाऊन या.