पाठभेद आणि मनभेद

तंजावरच्या भोसले राजांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक चिकाटीचे काम चालले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ केला, आणि दक्षिणेकडील पोथ्या ताडून पाहण्यासाठी तंजावरास केंद्र उघडले. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत श्लोक लिहीत. खाली प्रत्येक पोथीतील निराळे अक्षर त्याच्या नेमक्या चौकटीत भरीत.

पोथ्यांचे एकमत क्वचितच होई. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्याने बलवत्तर ठरलेला पाठ वर घेतला, उरलेले तळटीपांत जपले, आणि निर्णय संशयित वाटला तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली. १९६६ साली हे कार्य पूर्ण झाले.

आज मुक्त संगणक-प्रणाली अशाच रीतीने घडतात. त्यांची संहिता सर्वांस खुली असते. देशोदेशींचे स्वयंसेवक दुरुस्त्या सुचवितात. जुनी रूपे नोंदीत राहतात. परंतु जेथे वेतन नाही, तेथे हुकूमही नाही. दुखावलेला माणूस मुकाट्याने निघून जातो, आणि त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स प्रकल्पात दोषाबरोबर दोष करणाऱ्यावरही कठोर शब्दांचा मारा होई. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे ते कामापासून दूर राहिले, आणि प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. डेबियनच्या सभासदांनी तर २०१४ सालीच मतदानाने तशी संहिता केली होती.

सौजन्य म्हणजे ढिलाई काय? मुळीच नाही. ‘ही ओळ चुकते, कारण शून्याने भागाकार होतो’ हे विधान कोणीही पडताळू शकतो. ‘तुला काही कळत नाही’ या विधानात पडताळण्याजोगे काहीच नाही. आणि मतभेद मिटलाच नाही, तर संहितेची प्रत घेऊन वेगळी वाट धरण्याची मुभा असते. डिसेंबर २०१४ मध्ये नोड प्रकल्पातून काही जण असे वेगळे झाले. २०१५ साली दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. परतीची वाट शब्दांनी बुजविली नव्हती, म्हणूनच हे घडले.

शाळेच्या हस्तलिखितावरून वाद झाला, तर हीच रीत अनुसरावी : आक्षेप अक्षरावर घ्यावा, कारण लिहावे, नाकारलेली सूचना जपावी, आणि स्वतःच्या निर्णयाखालीही प्रसंगी नागमोडी रेघ ओढावी.