चारी चाकांची ओढ (लेखांक ९) : पुढचं डिफरेन्शियल कुठलं घ्यावं?

सीतापुऱ्यातल्या एका वर्कशॉपच्या बाकावर गेल्या आठवड्यात एका फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचं पुढचं डिफरेन्शियल उघडून ठेवलं होतं. जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रोडवर रीको या सरकारी महामंडळाची ही औद्योगिक वसाहत आहे. कपड्यांचे आणि रत्नांना पैलू पाडणारे कारखाने इथे जास्त, आणि त्यांच्या आधाराने गाड्यांची कामं करणारेही पुष्कळ. मिस्त्रींनी क्राउन व्हीलच्या चार दातांना निळा मार्किंगचा लेप लावला, पिनियन दोन्हीकडे फिरवला आणि दातांवर उमटलेला ठसा बॅटरीच्या उजेडात पाहिला. ठसा दाताच्या मधोमध हवा. तो कडेला सरकला होता.

गाडीचे मालक शेजारीच उभे होते. टोंकजवळ बनास नदीच्या पात्रात गाडी रुतली, ट्रॅक्टर लावून ओढावी लागली, म्हणून आता पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारं साधन) बसवायचा असं ते ठरवूनच आले होते. मिस्त्रींनी एकच विचारलं, "चाकांत हवा किती होती?" मालक म्हणाले, "रस्त्यावर असते तेवढीच."

आजचा लेखांक या प्रश्नोत्तरावरच आहे. पुढचं डिफरेन्शियल निवडताना बहुतेकजण ओढीचा विचार करतात. मी म्हणतो, आधी स्टिअरिंगचा विचार करा.

गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल तर हा फरक सुमारे २.३६ मीटर येतो, वळण लहान असो की मोठं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडली असती तर तेवढा टायर रस्त्यावर घासला गेला असता. ही अडचण सोडवणाऱ्या गिअरच्या रचनेचं, म्हणजे डिफरेन्शियलचं, पेटंट फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्योर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी घेतलं. मधले छोटे स्टार पिनियन दोन्ही बाजूंच्या सन गिअरना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटतात.

खोड आहे ती या सारख्या वाटणीतच. समजा, डावं चाक चिखलात आहे आणि १०० न्यूटन-मीटरपुढे पकड धरत नाही. मग साध्या, म्हणजे ओपन डिफरेन्शियलमध्ये कोरड्या दगडावरच्या उजव्या चाकालाही १०० च मिळतात. एकूण २००, आणि गाडी जागेवरच. हेलिकल गिअरचं लिमिटेड-स्लिप असेल आणि ते तिप्पटीपर्यंत जोर वळवत असेल, तर उजव्याला ३०० मिळतात. एकूण ४००. लॉकर लावला तर उजवं चाक पकड असेल तेवढा जोर घेतं, ९०० असली तर ९००. आता डावं चाक हवेत उचललं गेलं असं धरा. ओपनमध्ये शून्य अधिक शून्य. हेलिकलमध्ये शून्याची तिप्पट, तीही शून्यच. तिथे ब्रेक हलका दाबून उचललेल्या चाकाला खोटी पकड द्यावी लागते. लॉकरमध्ये तसं काही करावं लागत नाही.

हे गणित मागच्या ॲक्सलला लावलं तर लॉकर हेच उत्तर येतं, आणि ते बरोबर आहे. पुढे मात्र तीच चाकं गाडीला दिशा देतात. पुढचा लॉकर लागला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि गाडी सरळ जायला बघते. स्टिअरिंग जड होतं, हातात झटके येतात. शिवाय पुढच्या शाफ्टच्या टोकाला वळणारा सांधा असतो, सीव्ही जॉइंट किंवा क्रॉस. चाक पूर्ण वळलेलं असताना हा सांधा सर्वांत कमजोर असतो. नेमक्या त्या वेळी लॉकरने सगळा जोर एकाच बाजूला ढकलला तर सांधा तुटतो. ओपन डिफरेन्शियलमध्ये चाक नुसतं घसरलं असतं आणि सांधा वाचला असता.

म्हणून पुढे लॉकर बसवायचाच, तर तो चालकाच्या हातात असलेला हवा. हवेच्या दाबाने, विजेने किंवा दांड्याने लागणारा, गरजेपुरता लावून लगेच सोडता येणारा. आपोआप लागणारे लॉकर मागे चालतात. पुढे ते कुठे लागतील, कुठे सुटतील हे स्टिअरिंग धरणाऱ्याला कळत नाही, आणि डोंगरातल्या वळणावर हे न कळणं धोक्याचं आहे. क्लच-प्लेटचं लिमिटेड-स्लिपही मी पुढे घेणार नाही. ते स्टिअरिंगला ओढतं, प्लेटा झिजतात आणि त्याला वेगळं ॲडिटिव्ह घातलेलं तेल लागतं. हेलिकल प्रकार पुढच्या ॲक्सलला सोसतो, कारण तो हळुवार काम करतो आणि झटका देत नाही.

आपल्याकडच्या कंपन्यांनी काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉकर कारखान्यातूनच येतात, आणि ते दांडा ओढून लावायचे असतात. १९५८ मध्ये बजाज टेम्पो म्हणून सुरू झालेली ही कंपनी. २०२५ मध्ये तिला संरक्षण दलांकडून २,९७८ गुरखा गाड्यांची मागणी मिळाली. नाशिकमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रा थारने, २०२० च्या नव्या रूपात, दुसरी वाट धरली. मागे ईटनचं यांत्रिक लॉकिंग डिफरेन्शियल आणि पुढे ओपन. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देण्याचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. टोयोटा हायलक्सलाही इलेक्ट्रॉनिक लॉक मागेच आहे. ज्यांना चारी चाकांना जोर देण्याचं काम रोज करायचं आहे त्यांनीही पुढचा लॉकर सरसकट दिलेला नाही, आणि गुरखानं दिला तो चालकाच्या हाती ठेवून. मला या दोन्ही निवडी पटतात.

ब्रेकच्या मदतीने चालणाऱ्या पद्धतीबद्दल मात्र एक सांगतो. वाळूत इंजिनाचा जोर मुळातच कमी पडतो. तिथे ब्रेक लागत राहिला तर वेग मरतो आणि गाडी बसते. दगडांत, ओल्या घाटरस्त्यावर ती उत्तम.

आता वाळू. बनासच्या पात्रात किंवा बाडमेर-जैसलमेरकडच्या टेकाडांवर दोन्ही पुढच्या चाकांखाली सहसा सारखीच भुसभुशीत वाळू असते. एका चाकाला पकड आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती फारशी येत नाही. म्हणजे लॉकरला वाटायला काही उरतच नाही. तिथे उपयोगी पडते ती टायरची हवा. ३५ पीएसआयवरून १६ ते १८ वर आणली की टायर लांबट पसरतो आणि वाळूवर तरंगतो. वळणं हळू घ्यायची आणि डांबरावर येताच हवा भरायची, एवढंच पथ्य. याला खर्च एका गेजचा आणि एका पंपाचा. त्या मालकांची गाडी रुतली ती डिफरेन्शियलमुळे नव्हे, आणि मिस्त्रींनी हे त्यांना समजावून सांगितलं. लाखाच्या घरातलं काम हातातून सोडणारा माणूस मला तिथे दिसला.

सह्याद्रीत, पावसाळ्यात चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर, किंवा लडाखच्या दगडी ओढ्यांत एक पुढचं चाक लोंबकळतं आणि दुसरं दगडावर असतं. पुढचा लॉकर खरा तिथे कामाला येतो, तोही मागचा लॉकर लावून झाल्यावर. क्रम असा: टायर, मग मागचं डिफरेन्शियल, मग पुढचं.

निवड झाल्यावर चूक होते ती रेशोत. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील तर रेशो ४.१०. मागे ४.२७ आणि पुढे ४.१० बसलं, तर गाडी फोर-व्हीलमध्ये एक किलोमीटर जाताना पुढची चाकं सुमारे १,०४१ मीटर जायला बघतात. वाळू हा फरक गिळते. डांबरावर आणि दगडावर तो पुढे-मागे जोर वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसमध्ये साठतो, लिव्हर अडकतो आणि शेवटी काहीतरी मोडतं. भंगारातून मिळालेला ॲक्सल बसवण्याआधी झाकण उघडून दात मोजा. चिटोऱ्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका.

आणखी एक बाब गिऱ्हाइकाला कोणी सहसा सांगत नाही. बऱ्याच सरळ ॲक्सलच्या गाड्यांत मागचाच क्राउन-पिनियन उलटा फिरवून पुढे बसवतात. मग पुढे जाताना भार दाताच्या पुढच्या बाजूवर न पडता मागच्या, कमी ताकदीच्या बाजूवर पडतो. पुढच्या ॲक्सलसाठीच उलट कापलेला, वर बसणारा पिनियन मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या.

बसवणीला घाई नको. पिनियनच्या टेपर रोलर बेअरिंगवरचा ताण आणि शिमची जाडी मोजायची असते, आणि दातांमधली ढिलाई डायल गेजने. हलक्या गाड्यांत ही ढिलाई ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते, पण नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतलाच धरा. बेअरिंग ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घ्या. एनबीसी बेअरिंग बनवणारी नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज १९४६ पासून याच जयपुरात आहे, तरीही रस्त्याकडेला खोट्या डब्यातला माल विकला जातोच.

वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी कंपनीला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला आहे. आरटीओचं उत्तरही कागदावरच घ्या.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक तपासणी स्वतः करावी. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचा ॲक्सल जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, फोर-व्हील लावलेलं, हब लॉक. एक पुढचं चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेने फिरलं तर डिफरेन्शियल ओपन किंवा हेलिकल आहे. चाक हललंच नाही तर आत लॉकर अडकलेला आहे किंवा कोणीतरी गिअर वेल्ड करून ठेवले आहेत. वेल्ड केलेलं पुढचं डिफरेन्शियल असलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.